वाचकांचे प्रश्न: एक पियानो, चार हात आणि सात मात्रा

विसाव्या शतकातले पियानो-सोनाटे आणि दोघांनी मिळून वाजवायच्या रचना, या विषयावर सांगली, मिरज, कराड, सातारा, वाई आणि पाचगणीहून पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. एकाच गोष्टीबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलगी आणि मी मिळून वाजवावं म्हणून पूलँकच्या सोनाट्याचं नोटेशन मागवलं. घरी आलं तेव्हा कळलं की त्याला दोन पियानो लागतात. आमच्याकडे एकच अपराइट (उभा पियानो) आहे. चूक कुठे झाली? आणि एकाच पियानोवर दोघांनी बसायचं तर कसं बसायचं?
(विश्रामबाग, सांगली)

चूक नावाने केली. फ्रान्सिस पूलँकने दोघांसाठी दोन सोनाटे लिहिले. पहिला 1918चा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. हा एका पियानोवर चार हातांनी वाजवायचा, जेमतेम सहा मिनिटांचा. दुसरा 1952-53चा, दोन पियानोंसाठी, बराच मोठा आणि बराच अवघड. तुमच्याकडे दुसरा आला. जर्मन रचनाकार हिंडेमिटच्या बाबतीत हाच घोळ होतो: त्याचा 1938चा सोनाटा चार हातांचा, 1942चा दोन पियानोंचा. मागवताना नुसतं ‘सोनाटा’ न बघता मुखपृष्ठावरची ओळ वाचावी. फ्रेंचमध्ये ‘कात्र मँ’ म्हणजे चार हात, जर्मनमध्ये ‘फीर हेंडे’ म्हणजे तेच. ‘दू पियानो’ किंवा ‘त्स्वाय क्लाव्हिअरे’ दिसलं की दोन वाद्यं लागणार. दोन पियानोंच्या नोटेशनच्या प्रतीही दोन लागतात, हा खर्च बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता बसण्याबद्दल. उजवीकडे बसतो तो प्रिमो, डावीकडचा सेकंडो. एका लांब बाकापेक्षा दोन वेगळी स्टुलं बरी, कारण आई आणि मुलगी यांची उंची सारखी नसते. दोघींची कोपरं पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर यावीत. स्टुलं थोडी मागे आणि एकमेकींकडे अगदी किंचित वळवून ठेवा. सरळ बसलात तर मधली दोन कोपरं पहिल्याच ओळीत भांडतात.

उजवं पेडल सेकंडोच्या पायाखाली. पण पेडल दाबायचं ते प्रिमोचं ऐकून. सेकंडो स्वतःच्या खर्जाकडे बघून पेडल धरून बसला की वरची चाल चिखलात जाते. घरगुती वादनात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी दोघींनी आपापला भाग एकेकटीने, मेट्रोनोमवर (ठेका मोजणाऱ्या यंत्रावर). मग लगेच चारही हात एकत्र आणू नका. आधी फक्त मधले दोन हात, म्हणजे प्रिमोचा डावा आणि सेकंडोचा उजवा. धक्काबुक्की होते ती याच दोघांत. पूलँकच्या पहिल्या भागात, ‘प्रेल्यूड’मध्ये, हात एकमेकांच्या हद्दीत सरळ घुसतात. अशा जागी कोणाचं मनगट वर आणि कोणाचं खाली, हे ठरवून नोटेशनवर पेन्सिलने बाण काढा. रोज नव्याने ठरवलंत तर रोज आपटाल. मधले हात बसले की बाहेरचे दोन, आणि मग चारही.

एक अडचण खास अपराइटची. प्रिमोने सोडलेली पट्टी लगेच सेकंडोला वाजवायची असते, पण पट्टी अजून वर आलेलीच नसते आणि सूर गायब होतो. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा मारण्याची यंत्रणा असते. अपराइटमध्ये पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. उपाय: आधीच्या व्यक्तीने अर्धी मात्रा लवकर बोट उचलावं आणि सूर पेडलवर टिकू द्यावा.

पानं उलटायचं काम ज्याचा हात त्या क्षणी मोकळा असेल त्याचं, मग तो कुणीही असो. जोडपानांवर छापलेल्या आवृत्त्यांत डाव्या पानावर सेकंडो आणि उजव्या पानावर प्रिमो असतो, त्यामुळे दुसरीचं काय चाललंय ते दिसत नाही. दर दहा बारना (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधल्या भागांना) क्रमांक घालून ठेवलेत की ‘पुन्हा कुठून?’ हा वाद मिटतो.

मी वीस वर्षं संवादिनी वाजवतो. आता पियानो शिकायला घेतला आहे. डावा हात अगदीच मुका आहे. विसाव्या शतकातलं काही माझ्या आवाक्यात येईल का?
(मिरज)

तुमचा डावा हात मुका नाही, तो भात्यावर राबलेला आहे. अडचण वेगळीच आहे. संवादिनीत आवाजाचा जोर भात्यातून येतो, बोटातून नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. पियानोत सगळा जोर पट्टी खाली जाण्याच्या वेगावर ठरतो, आणि एकदा वाजलेला सूर विरतच जातो. म्हणून संवादिनीवाल्याचा पियानो बहुधा फिका आणि ओबडधोबड ऐकू येतो: एक सूर दणकट, पुढचा गायब.

स्ट्राविन्स्कीच्या ‘तीन सोप्या रचना’ घ्या. मार्च, वॉल्ट्झ, पोल्का. 1914-15 मधल्या, चार हातांच्या. त्यांच्या शीर्षकात ‘डावा हात सोपा’ असं लिहिलेलं असतं आणि नवशिके फसतात. त्याचा अर्थ डाव्या बाजूला बसणाऱ्याचा भाग सोपा. त्या सेकंडोला एकच लहान आकृती शेवटपर्यंत फिरवत राहायची असते. तबल्याच्या सोलोला लेहरा धरलेला माणूस हे काम डोळे मिटून करील! वरचा माणूस वाटेल तिथे भरकटतो, तुम्ही ढळायचं नाही. पोल्का स्ट्राविन्स्कीने बॅलेचे निर्माते द्यागिलेव्ह यांना अर्पण केला होता, त्यांना सर्कशीतला चाबूकवाला कल्पून. ते लक्षात ठेवलंत तर ठेका आपोआप कडक होतो. पुढचा संच ‘पाच सोप्या रचना’ (1917) याच्या उलटा: तिथे सोपा भाग उजवीकडच्याला, कारण तो त्याने स्वतःच्या मुलांसाठी लिहिला.

मग राव्हेलच्या ‘मा मेर ल्वा’कडे या (1910, पाच भाग, हाही मुलांसाठी). पहिला भाग फक्त वीस बारांचा आहे. तिसऱ्या भागात पॅगोडांची राणी येते आणि प्रिमोची बोटं बराच वेळ काळ्या पट्ट्यांवरच असतात. काळी तीनचा सा धरलात तर तो भूपाचा स्वरसमूह होतो. फक्त स्वर तेवढे भूपाचे, चलन नाही. तिथे भूप वाजवायला जाल तर राव्हेल हातचा जाईल.

प्रोकोफिएव्हच्या सातव्या सोनाट्याचा शेवटचा भाग सात मात्रांत आहे म्हणे. मी तबला शिकलो आहे, रूपक अंगात आहे. तरी दहा-बारा बारांनंतर माझा जोर चुकीच्या जागी पडू लागतो. का?
(सांगली)

रूपक अंगात आहे म्हणूनच.

हा सोनाटा 1942चा, ओपस (रचना-क्रमांक) 83. सहावा, सातवा आणि आठवा हे त्याचे तीन ‘युद्ध-सोनाटे’ मानले जातात. सातव्याचं पहिलं जाहीर वादन स्वियातोस्लाव्ह रिख्टरने जानेवारी 1943 मध्ये मॉस्कोत केलं. तिसऱ्या भागाचं नाव ‘प्रेचिपिताटो’, म्हणजे अंगावर कोसळत येणारा. मात्रा सात, पण विभाग 2+3+2. आपला रूपक 3+2+2.

आता गंमत बघा. रूपकाचा ठेका: ती ती ना | धी ना | धी ना. तो पहिल्याऐवजी सहाव्या मात्रेपासून म्हणा: धी ना | ती ती ना | धी ना. झालं 2+3+2. म्हणजे प्रोकोफिएव्हचं चक्र हे सहाव्या मात्रेपासून सुरू केलेला रूपक आहे. तुमचा कान मात्र तिघांचा गट आला की ‘ही सम’ म्हणतो. त्यामुळे बारच्या तिसऱ्या मात्रेवर वजन सरकतं आणि खर्जाची ठोक पोरकी होते.

वाद्याला हात न लावता आधी मांडीवर करा. तोंडाने ‘धी ना ती ती ना धी ना’, टाळी फक्त पहिल्या ‘धी’वर, ‘ती’वर काहीच नाही. सलग पाच मिनिटं न चुकता जमलं की डावा हात एकटा पियानोवर. मेट्रोनोम एका मात्रेला 120 ठेवला तर एक बार साडेतीन सेकंदांचा होतो. इतक्या सावकाशीने निदान आठवडा काढावा. मैफलीत हाच बार सेकंदभरात उडून जातो आणि पूर्ण भाग साडेतीन मिनिटांच्या आसपास संपतो. मेट्रोनोम दर वेळी चार-पाचनेच वाढवा, आणि वाढवण्याआधी एकदा हळू आवाजात वाजवून बघा. हळू आवाजात ठेका टिकला नाही तर तो जोरावर चाललेला होता, तालावर नाही.

इथे हात जायबंदी होतात तेही सांगायला हवं. मनगट ताठ धरून बोटांनी खोदत राहिलं की दुसऱ्या मिनिटाला पुढचा हात दगड होतो. उड्या कोपरापासून घ्याव्यात, सूर वाजताक्षणी मनगट सैल. आणि सगळा दणका पहिल्या पानावर खर्च करू नका, शेवटची पानं सर्वांत मोठा आवाज मागतात आणि उड्याही तिथेच लांब आहेत. दुखलं तर त्या दिवशी बंद. ‘थोडं दुखलं तरी रेटायचं’ हा आखाड्यातला सल्ला इथे लागू नाही.

त्याआधी पायरी हवी असेल तर बार्टोकच्या ‘मिक्रोकोस्मोस’ या पियानो-रचनांच्या संचातला क्रमांक 113 घ्या. त्यात 2+2+3 आहे, म्हणजे चौथ्या मात्रेपासून धरलेला रूपक. सहाव्या खंडाच्या शेवटचे सहा बल्गेरियन नाच (148 ते 153) त्यानंतरचे.

‘सोनाटा’ म्हणजे नेमकं काय? अल्बान बर्गचा एकाच भागाचा, दुसऱ्याचा चार भागांचा, तिसऱ्याचा दोन मिनिटांचा.
(कराड)

मूळ इटालियन अर्थ ‘वाजवलेलं’. ‘कंताता’ म्हणजे ‘गायलेलं’. मोत्सार्ट-बेथोवनच्या काळात त्याला तीन-चार भागांचा ठरावीक साचा आला. विसाव्या शतकात हा शब्द रचनाकाराच्या मर्जीवर गेला. बर्गचा ओपस 1 एकाच भागात संपतो, तर एरिक सातीने 1917 मध्ये ‘कचेरीतला सोनाटिना’ (छोटा सोनाटा) लिहून क्लेमेंतीच्या शिकवणीतल्या सोनाटिनाची सरळ टर उडवली. तेव्हा नावावरून लांबी ठरवू नका.

साताऱ्यात आमच्याकडे आजोबांच्या वेळचा पियानो आहे आणि नवा डिजिटल. दोन पियानोंच्या रचना या जोडीवर वाजवता येतील का? एकत्र वाजवलं की कानाला टोचतं.
(सातारा)

येतील, पण जुन्याला नव्याकडे न ओढता नव्याला जुन्याकडे न्या. फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपने जुन्या पियानोचा मधला ए, म्हणजे पांढरी सहा, मोजा. जुने पियानो अनेकदा 440 हर्ट्झच्या खाली उतरलेले असतात. समजा 435 आला. म्हणजे साधारण वीस सेंट खाली, अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा. बहुतेक डिजिटल पियानोंत ‘मास्टर ट्यूनिंग’ असतं, तिथे 435 करा. मग एक सप्तक वरचा आणि एक खालचा ए तपासा. ते आपसात जुळत नसतील तर आधी ट्यूनर बोलवावा लागेल, सेटिंगने भागणार नाही.

जुना पियानो एका बैठकीत 440ला खेचायचा हट्ट धरू नका. सुमारे 230 तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात असतो. ताण वाढला की लोखंडी चौकट आणि लाकूड पुन्हा सैलावतं, आज लावलेले सूर आठवड्यात उतरतात आणि गंजलेली तार तुटते. शहाणा ट्यूनर दोन-तीन फेऱ्यांत वर नेतो.

जुळवल्यावरही दोन टोकांच्या सप्तकांत थोडी लहर राहीलच, कारण प्रत्येक पियानोच्या तारांचा स्वभाव निराळा. म्हणून रचना निवडताना लांब धरलेले एकसुरी सूर टाळा. तुटक, ठोक्याचं संगीत ही लहर लपवतं: बार्टोकने स्वतः ‘मिक्रोकोस्मोस’मधल्या सात रचना दोन पियानोंसाठी बसवल्या, त्यांतल्या जलद रचना चांगल्या. शोस्ताकोविचची 1953ची ‘कंचर्टिनो’ (ओपस 94) त्याने मुलगा मॅक्सिमसाठी लिहिली, तीही चालेल, पण तिची संथ सुरुवात तुमच्या कानांची परीक्षा घेईल. डिजिटलचे स्पीकर पियानोवाल्याच्या पाठीकडे जाऊ देऊ नका. त्याला तुमचं ऐकूच आलं नाही तर जुळवाजुळवीचा काय उपयोग?

जॉन केजने पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर घालून सोनाटे लिहिले असं वाचलं. आमच्या घरी तंतुवाद्यांचं काम आहे. हे तंबोऱ्याच्या जवारीसारखंच ना? आणि कोणता सोनाटा कोणत्या रसाचा?
(मिरज)

प्रश्न मिरजेहून यावा हे साहजिकच आहे; इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण साम्य वरवरचं. जवारीचा दोरा तारेतले मुळातले स्वरांश (मूळ सुरात दडलेले बारीक सूर) उलगडतो, ते सगळे षड्जाशी नातं राखून असतात. पियानोच्या तारेत मधेच स्क्रू अडकवला की त्या एका जागी वजन वाढतं, स्वरांशांचं ते नातंच तुटतं आणि पट्टीतून घंटा, झांज किंवा मातीच्या मडक्यासारखा आवाज येतो. रबर घातलं तर सूर गुदमरतो, नुसती टकटक उरते.

‘सोनाटे आणि इंटरल्यूड्स’ ही रचना 1946 ते 1948 मधली. सोळा सोनाटे, चार इंटरल्यूड, तासाभराहून थोडी मोठी. 88 पैकी 45 सुरांमध्ये वस्तू घालायच्या. कोणती वस्तू, कोणत्या दोन तारांच्या मधे आणि डॅम्परपासून (तार गप्प करणाऱ्या गादीपासून) किती इंचांवर, याचा तक्ता केजने नोटेशनबरोबरच दिला आहे. त्या काळात तो अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून भारतीय संगीत समजून घेत होता आणि बदल्यात त्यांना पाश्चात्त्य काउंटरपॉइंट (अनेक चाली एकत्र गुंफण्याची कला) शिकवत होता. आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्याने रसकल्पना घेतली: आठ स्थायी भाव आणि त्या सगळ्यांची ओढ शांताकडे. मात्र कोणती रचना कोणत्या भावाची, हे त्याने कुठेही ठरवून दिलेलं नाही. तेव्हा यादी करत बसू नये.

करून बघायचं असेल तर अपराइटवर नको. तिथे तारा उभ्या असतात, वस्तू निसटून यंत्रणेत पडतात. ग्रँडवर, मालकाच्या आणि ट्यूनरच्या परवानगीनेच. उजवं पेडल दाबून धरायला एक माणूस बसवा, म्हणजे डॅम्पर उचललेले राहतील. बांबूच्या पातळ पाचरेने तारा हलकेच फाकवा, स्क्रू फिरवत बसवा, पाचर काढा. स्क्रूचं टोक खालच्या लाकडी साउंडबोर्डला टेकता कामा नये, टेकलं तर खरखर येते. खर्जाच्या तांब्याचं वेटोळं असलेल्या तारांना धातू लावू नका, वेटोळं सैल झालं की तार गेली. घामट बोटांनी तारा धरू नका. वस्तू काढतानाही पेडल दाबलेलंच हवं.

एक बारकावा तुम्हाला आवडेल. ग्रँडचं डावं पेडल सगळ्या हातोड्या किंचित उजवीकडे सरकवतं, मग तीनांपैकी पहिली तार सुटते. स्क्रू दुसऱ्या-तिसऱ्या तारेत असेल तर पेडलशिवाय शुद्ध सूर आणि घंटा एकत्र ऐकू येतात, पेडल दाबलं की नुसती घंटा. केज याचा पुरेपूर वापर करतो. अपराइटचं डावं पेडल फक्त हातोड्या तारांजवळ आणतं, तिथे हे घडतच नाही.

पावसाळ्यात आमच्या पाचगणीच्या पियानोच्या पट्ट्या खाली गेल्या की वरच येत नाहीत. बार्टोकचा सोनाटा बसवतो आहे, एकेक सूर भराभर परत लागतात.
(पाचगणी)

हवेतल्या ओलीने पट्टीच्या खिळ्याभोवतालचं लोकरी कापड आणि लाकूड फुगतं, पट्टी घासून बसते. खोबरेल, मशीनचं तेल किंवा फवारा यातलं काहीही घालू नका. कापड ते शोषून आणखी फुगतं आणि नंतर काढताही येत नाही. ट्यूनरकडे ते कापड दाबायची खास पक्कड असते, दोन मिनिटांचं काम. आधी हे बघा: पट्ट्यांपुढची लाकडी पट्टी फुगून टेकली आहे का? तिच्यात आणि पट्ट्यांत पोस्टकार्ड सरकायला हवं.

खोलीत आर्द्रतामापक लावा. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला तर पियानो वर्षभर शांत असतो. जुलैत पाचगणीला ते डीह्युमिडिफायरशिवाय शक्य नाही. दिवसातून दोन तास लावण्यापेक्षा खोली बंद ठेवून सतत लावा, चढउतारच लाकडाला जास्त मारतो. पावसात साउंडबोर्ड फुगून सूर वर चढतात, उन्हाळ्याकडे उतरतात. म्हणून ट्यूनिंग जुलैत करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑक्टोबर संपता संपता एकदा आणि फेब्रुवारी-मार्चात एकदा. तोवर बार्टोक अर्ध्या वेगाने. 1926चा हा सोनाटा पियानोला ताशासारखा वापरतो, अडकलेल्या पट्टीवर जोर काढलात तर हातोडीचा दांडा मोडेल.

क्लासमधल्या मुलांसाठी या रचनांच्या झेरॉक्स काढल्या तर चालतात का?
(वाई)

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे राव्हेल, बार्टोक (मृत्यू 1945) आणि प्रोकोफिएव्ह (1953) केव्हाच मोकळे झाले. पूलँक आणि हिंडेमिट दोघेही 1963 मध्ये गेले, त्यांच्या रचना 1 जानेवारी 2024 पासून मोकळ्या. स्ट्राविन्स्की (1971) 2031 अखेरपर्यंत, शोस्ताकोविच (1975) 2035 अखेरपर्यंत, केज (1992) 2052 अखेरपर्यंत बंद. मोकळी होते ती मूळ रचना. एखाद्या संपादकाने अलीकडे बोटांचे क्रमांक आणि टिपा घालून काढलेल्या आवृत्तीवर त्याचा वेगळा हक्क असू शकतो, म्हणून झेरॉक्ससाठी जुनी छापील आवृत्तीच घ्यावी. इतर देशांत मुदत वेगळी आहे. परदेशातल्या नातेवाइकाला स्कॅन पाठवताना तिथला नियम बघावा.